नाकाबंदीतली फुंक आणि त्यानंतरचा खर्च

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस झाली की पालघर-बोईसरकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दंड किती?" मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर पंधरा हजार, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीपासूनचे आहेत. पण या प्रकरणात दंड हा सगळ्यांत छोटा खर्च असतो. मोठा खर्च लायसन्सचा, विम्याचा आणि बुडालेल्या खाड्यांचा. आणि तो वाढणार की आटोक्यात राहणार, हे बहुतेक वेळा वकील गाठण्याआधी, पकडल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतच ठरून जातं.

आधी लायसन्सचं बघू. कलम १८५ खाली दोषी ठरलात तर न्यायालयाला किमान सहा महिने लायसन्स अपात्र ठरवावं लागतं. कलम २० मध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्याशिवाय दुसरी वाट आहे ती परिवहन कार्यालयाची. पोलीस कलम २०६ खाली लायसन्स ताब्यात घेऊन तिकडे पाठवतात, आणि पहिल्या वेळेला ते कार्यालय तीन महिन्यांसाठी अपात्र करू शकतं. दुसऱ्या वेळेला लायसन्स रद्दच होऊ शकतं. या दुसऱ्या वाटेत तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आदेश काढता येत नाही. पण नोटीस आली की लोक ती कपाटात ठेवून देतात, सुनावणीला जात नाहीत, आणि आदेश एकतर्फी निघतो. लायसन्स परत हवं असेल तर चालकांचं उजळणी प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं.

आता हिशेब मांडा. चिल्हार फाट्यावरून तारापूर एमआयडीसीत माल आणणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर महिन्याला वीस हजार कमावतो असं धरलं, तर सहा महिन्यांचे एक लाख वीस हजार झाले. दहा हजारांचा दंड त्यापुढे काय! शिवाय बंदीच्या काळात गाडी चालवताना सापडला तर कलम १८२ लागतं : आणखी दहा हजार, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्याचं पोट लायसन्सवर आहे त्याने "भरून टाकू दंड, मिटवू विषय" असं म्हणण्याआधी हा हिशेब घरी बसून करावा. गुन्हा एकदा कबूल केला की शिक्षेच्या प्रमाणापलीकडे अपिलाला जागा राहत नाही, आणि पुढची चूक कायद्याच्या दृष्टीने "दुसरा गुन्हा" ठरते.

म्हणून प्रत्येकाने लढावंच असं मात्र मी म्हणणार नाही. कायद्यातले बचाव चुकीने अडकलेल्या माणसासाठी आहेत, आणि पोलिसांनी पद्धत पाळावी म्हणून आहेत. मनोर-पालघर रस्त्यावर रात्री सायकलवरून घरी परतणाऱ्या कामगाराच्या जिवाची किंमत कुठल्याही बचावापेक्षा मोठी आहे. श्वासयंत्रातून निघालेल्या पट्टीवर एकशे चाळीसचा आकडा आहे, कागद नीट आहेत, डॉक्टरचा तपासणी अहवाल जुळतो आहे, अशी केस वर्षानुवर्षे तारखांवर ओढण्यात वकिलाची फी आणि तुमचे खाडे, दोन्ही वाया जातात. आकडा मर्यादेच्या आसपास असेल, कागदात खोट असेल किंवा तुम्ही गाडी चालवतच नव्हता, तर लढणं पैशाच्या हिशेबातही परवडतं.

मर्यादा आहे शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम मद्यार्काची. ती किती कमी आहे याचा बहुतेकांना अंदाज नसतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाने एक क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्की घेतली, तर ढोबळ हिशेबाने रक्तात सव्वाशेच्या वर मिलिग्रॅम चढतात. शरीर तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम उतरवतं. म्हणजे तीसवर यायला साडेसहा तास. रात्री बाराला बसलेला माणूस सकाळी सातच्या पाळीला मोटारसायकलवर निघतो तेव्हा तो अगदी काठावर असतो. दोन क्वार्टर झाल्या असतील तर दुपारी तीनपर्यंत त्याने गाडीला हातच लावायला नको. स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटलीसुद्धा ऐंशीच्या घरात नेते. "कालची उतरली" हा बचाव न्यायालयात चालत नाही, आणि ताडीही कायद्याच्या दृष्टीने मद्यच आहे. डहाणू-बोर्डीकडून ताडी पिऊन निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. खिशात मद्यसेवनाचा आजीवन परवाना असला तरी तो पिण्यापुरता आहे, चालवण्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

आता नाक्यावरचं बोलू. फुंक मारायला सांगण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याला आहे, मोटार वाहन खात्याच्या अधिकाऱ्यालाही आहे. संशयाला वाजवी कारण हवं. नकार देऊ नका. नकार दिला म्हणून सुटका होत नाही. संशयाला जागा असेल तर अटक होते, आणि कलम २०५ प्रमाणे तो नकार खटल्यात तुमच्याच विरुद्ध धरला जाऊ शकतो. फुंका, पण डोळे उघडे ठेवा. यंत्र आधी रिकामं चालवून शून्य दाखवतं का, तोंडात धरायची नळी नवी आहे का, एवढं शांतपणे पाहा. हाताला नुकतंच सॅनिटायझर चोळलं असेल तर ते आधीच सांगा, कारण त्याची वाफ यंत्राजवळ गेली तरी आकडा हलतो. माउथवॉश किंवा मद्यार्क असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर तेही सांगा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा चाचणी मागा. तोंडातल्या मद्यार्काचा अंश तेवढ्या वेळात निघून जातो. पोटातला मात्र जात नाही. त्यामुळे दुसरा आकडा तेवढाच आला तर माउथवॉशची गोष्ट तिथेच संपते.

यंत्रातून निघणारी पट्टी हा तुमच्या केसमधला सर्वांत मोलाचा कागद. वीतभर लांबीचा. त्यावर यंत्राचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि वेळ, आकडा, चाचणी घेणाऱ्याचं आणि तुमचं नाव, सह्या असं सगळं असायला हवं. आकडा कोणत्या मापात आहे तेही पाहा : शंभर मिलिलिटरला तीस मिलिग्रॅम म्हणजेच ०.०३० टक्के, आणि श्वासात मोजला तर लिटरला साधारण ०.१४ मिलिग्रॅम. सहीपुढे वेळ स्वतःच्या हाताने लिहा. आणि लगेच फोटो काढा. ही पट्टी उष्णतेने छापणाऱ्या कागदाची असते. वर्षभरानंतर तारखेला ती न्यायालयात निघते तेव्हा कोरी झालेली असू शकते. तुमच्याकडचा फोटो मग दोन्ही बाजूंना कामी येतो, आणि तुमचा आकडा पंचेचाळीस होता की एकशे पंचेचाळीस यावर वाद राहत नाही.

अटक झाली तर घड्याळ बघा. कलम २०२ च्या परंतुकाप्रमाणे अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर कोठडीतून सोडलं पाहिजे. पोलीस ठाण्यात नेल्यावर तिथे पुन्हा श्वासाची चाचणी द्यायची संधी मिळाली पाहिजे. कलम २०३ मध्ये तसं आहे. दोन तास उलटले म्हणजे केस आपोआप पडली, असं सांगणारे बरेच भेटतात. ते अर्धसत्य आहे. कायद्यात लिहिलेला परिणाम सुटकेचा आहे; खटल्यावर त्याचा काय परिणाम व्हावा हे वकिलाने न्यायालयाला पटवायचं असतं. त्यासाठी पुरावा लागतो : अटकेची वेळ कोणती, स्टेशन डायरीत नोंद कधीची, पोलिसांनी डॉक्टरला दिलेल्या मेडिकल यादीवर, म्हणजे तपासणीच्या पत्रावर, वेळ काय, रुग्णालयाच्या रजिस्टरमध्ये वेळ काय. हे चारही आकडे एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्यासाठी लगेच लेखी अर्ज द्या. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण साठवण्याचे आदेश दिलेले आहेत.

हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीन हा तुमचा हक्क आहे, ती कुणाची मेहरबानी नाही. बहुतेकदा जातमुचलक्यावर काम होतं. रोख भरायला सांगितली तर पावती घ्या. तारखा पाळल्या तर खटला संपल्यावर ती रक्कम परत मिळते. नाक्यावर कुणी "इथेच मिटवू" म्हणालं तर एक गोष्ट पक्की धरा : कलम १८५ तडजोडपात्र नाही. पोलिसाला जागेवर त्याचा दंड घेताच येत नाही, लोकअदालतीत ई-चलानासारखा तो अर्ध्यात मिटतही नाही. म्हणजे नाक्यावर दिलेला प्रत्येक रुपया लाच. देणाऱ्यालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मागणी झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक फुकट आहे. गाडी ठाण्यात ठेवली असेल तर सुपूर्तनाम्यावर सोडवण्यासाठी दुसऱ्याच दिवशी अर्ज करा. जप्त गाड्या ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावलं आहे.

रक्ताच्या तपासणीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तारापूरच्या कामगारासाठी तिथेच खरी मेख आहे. श्वासाच्या यंत्रांत बहुधा फ्युएल सेल असतो. ॲसिटोनला तो फसत नाही, त्यामुळे "मला मधुमेह आहे, म्हणून आकडा आला" हा मोबाइलवर फिरणारा बचाव या यंत्रापुढे टिकत नाही. मिथेनॉल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांना मात्र तो प्रतिसाद देतो. एमआयडीसीतल्या औषध आणि रंगद्रव्याच्या कारखान्यांत हे सॉल्व्हंट ड्रमने वापरले जातात. नुसत्या वासाने रक्तात तीस मिलिग्रॅम चढणं सहसा होत नाही, पण कपड्यांवर, हातांवर सांडलेल्या सॉल्व्हंटची वाफ यंत्राला चकवू शकते. अशा कामगाराने प्यालेली नसेल तर रक्त देण्याचा आग्रह धरावा. प्रयोगशाळेतली गॅस क्रोमॅटोग्राफी इथेनॉल आणि इतर अल्कोहोल वेगवेगळे दाखवते. सोबत पाळीची हजेरी, कामाचं ठिकाण आणि वापरात असलेल्या रसायनाची नोंद कंपनीकडून लेखी घ्यावी. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

रक्त काढताना त्वचा पुसायला स्पिरिट वापरू नये. मुंबई दारूबंदी कायद्याखालच्या १९५९ च्या वैद्यकीय तपासणी नियमांपासून हे चालत आलं आहे, आणि तरीही सवयीने हात स्पिरिटच्या बोळ्याकडेच जातो. बाटलीत परिरक्षक हवं, नाहीतर पालघरच्या उन्हाळ्यात रक्तात आंबण्याची क्रिया होऊन मद्यार्क वाढू शकतो. बाटली सीलबंद हवी, आणि कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याची साखळी कागदावर हवी. सलमान खानच्या अपघाताच्या प्रकरणात रक्तात ६२ मिलिग्रॅम मद्यार्क असल्याचा अहवाल होता. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं, तेव्हा नमुना कसा घेतला, कसा ठेवला आणि प्रयोगशाळेपर्यंत कसा पोचला यातल्या त्रुटींवर बोट ठेवलं होतं. त्याच्याही कितीतरी आधी, १९७१ च्या बच्चूभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तोंडाला वास, अडखळती चाल, असंबद्ध बोलणं, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यालेला होता असा ठाम निष्कर्ष निघत नाही. त्या खटल्यात रक्त पाठवलं होतं, पण अहवाल न्यायालयात आलाच नाही. पाटणा उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याच निकालाचा आधार घेऊन केवळ श्वासयंत्राचा अहवाल हा निर्णायक पुरावा नाही असं म्हटलं. पण ते प्रकरण सरकारी नोकरीवरच्या कारवाईचं होतं. कलम १८५ च्या खटल्यात श्वासाचा अहवाल पुराव्यात घेता येतो, हे कलम २०३ सांगतं. त्यामुळे वकिलाने एकच निकाल दाखवून हमी दिली तर दोनदा विचार करा.

आणखी एक सावधगिरी. २०१९ च्या आधी कायद्यात फक्त श्वासयंत्राच्या चाचणीचा उल्लेख होता, म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर उभ्या असलेल्या केस पडत असत. दुरुस्तीने "प्रयोगशाळेतली किंवा अन्य कोणतीही चाचणी" हे शब्द आत आले. त्या जुन्या निकालांवर विसंबून फी भरू नका.

नमुन्यात हात घालायचा विचार मात्र स्वप्नातही करू नका. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या पोर्श अपघातानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या डॉक्टरांना अटक झाली आणि आरोपीच्या आईवडिलांवरही गुन्हे दाखल झाले. पळून जाणं हाही बचाव नाही. जुलै २०२४ मधल्या वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघातातला तरुण पालघरच्या एका राजकीय पुढाऱ्याचा मुलगा. तो दोन दिवसांनी विरारजवळ सापडला. इतक्या उशिरा रक्तात मद्य राहत नाही, हे खरं. पण जीव गेलेला असतो तेव्हा खटला कलम १८५ पुरता नसतोच, तो सदोष मनुष्यवधापर्यंत जातो. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये ज्याच्या गाडीखाली सात मजूर गेले, त्या ॲलिस्टर परेराला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची शिक्षा कायम केली.

दमणहून येणाऱ्यांसाठी दोन ओळी. दमण ते तलासरी रस्ता वापी-भिलाडमधून, म्हणजे गुजरातमधून जातो. तिथे विनापरवाना पिणं हाच गुन्हा आहे. तीस मिलिग्रॅमच्या आत असलात तरी तिथली केस वेगळ्या कायद्याखाली होते, आणि तारखांना तिथेच जावं लागतं.

आता न्यायालयीन खर्च. बोईसर, तारापूरचं प्रकरण पालघरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे येतं. वकील फी दोन तऱ्हेने सांगतात : पूर्ण प्रकरणाची ठोक, नाहीतर दर तारखेची. दर तारखेच्या फीत केस लांबेल तसा खर्च वाढतो, म्हणून अशा छोट्या खटल्यात मी ठोक फीलाच कौल देईन. त्यात जामीन, गाडी सोडवणं, परिवहन कार्यालयातली सुनावणी आणि उलटतपासणी यांपैकी काय धरलं आहे ते वकीलपत्रावर सही करण्याआधी लिहून घ्या. परिवहन कार्यालयाचं काम बहुधा वगळलेलं असतं, आणि लायसन्स तर तिथेच अडकलेलं असतं. दोषारोपपत्राची आणि सोबतच्या कागदांची प्रत आरोपीला मोफत मिळते. झेरॉक्सच्या नावाखाली कुणी पैसे घेत असेल तर देऊ नका.

यंत्राची जुळणी, म्हणजे कॅलिब्रेशन, शेवटचं कधी झालं हे कळायला पालघर पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहितीचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि तीस दिवस. पट्टीवरचा यंत्राचा क्रमांक अर्जात टाका आणि प्रमाणपत्राची प्रत मागा. प्रमाणपत्र मुदतबाह्य निघालं तर उलटतपासणीला खरा मुद्दा मिळतो. ते चाचणीच्या आधीच्याच महिन्याचं निघालं, तर यंत्रावर बोट ठेवण्यात वेळ घालवू नका. दहा रुपयांत एवढं कळलं तरी पुढची फी वाचते. अशी यंत्रं वैधमापन नियमांत आणून त्यांची पडताळणी बंधनकारक करण्याचा मसुदा केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२५ मध्ये काढला. पडताळणीची ही मागणी वाहनचालकांनीही लावून धरायला हवी, कारण पेट्रोल पंपाचं माप तपासलं जातं तसं ज्या मापाने माणसाची रोजी जाते तेही तपासलं गेलं पाहिजे.

फौजदारी खटला जिंकलात तरी विमा वाचतोच असं नाही, हा धक्का अनेकांना उशिरा बसतो. एप्रिल २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालक मद्याच्या अंमलाखाली होता हे परिस्थितीवरून दिसत असेल, तर तीस मिलिग्रॅमचा अहवाल नसतानाही विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. तिकडे पुराव्याचं माप सैल आहे. जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना कंपनी भरपाई देते तिथेही ती रक्कम नंतर गाडीमालकाकडून वसूल करण्याचा आदेश होऊ शकतो. लाखांचे आकडे इथे येतात. टेम्पो, टँकर, कंपनीच्या बस चालवणाऱ्या मालकांनी आणखी एक कलम जाणून घ्यावं : १८८. ड्रायव्हर प्यालेला आहे हे माहीत असून त्याला गाडी न्यायला लावली, तर त्या अपप्रेरणेला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा आहे. अडकलेल्या ड्रायव्हरला "मालकाने जबरदस्ती केली" हे सांगता येत असेल आणि तसा फोन, संदेश असेल, तर तो मिटवू नका. शिक्षेच्या सुनावणीत त्याला वजन असतं.

आणि ज्याच्या खिशात वकिलाची फी नाही त्याच्यासाठी : पालघर न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला, महिलेला, कोठडीत असलेल्याला आणि औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. या जिल्ह्यातला आदिवासी आणि तारापूर एमआयडीसीतला कामगार, दोघेही यात बसतात. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. जाताना आधार कार्ड, जातीचा दाखला किंवा कंपनीचं ओळखपत्र, पोलिसांचा कागद आणि पट्टीचा फोटो न्यावा. फोनवर आधी विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे. पहिल्या तारखेच्या आधी गेलात तर वकील जामिनालाही उभा राहतो.